दहा-पंधरा संगणकांच्या ऑफिससाठी हब-स्विच: निवड, जोडणी आणि नंतरची दुखणी

ऑफिसातली यंत्रं तारेने एकमेकांना जोडायला मध्ये एक खोकं लागतं: पूर्वी हब, आता स्विच. तार खोचायची त्याची प्रत्येक जागा म्हणजे पोर्ट. दुकानात "आठ पोर्टचा हब द्या" म्हटलं, की दुकानदार न बोलता स्विच काढून देतो. त्याचं बरोबरच आहे. खरा हब नवा मिळणं आता जवळपास बंद झालं आहे. अडचण येते ती जुनं सामान वापरताना. ऑफिस हलवताना कपाटातून एखादा जुना हब निघतो, "चालू आहे ना, लावून टाका" असं कोणीतरी म्हणतं, आणि मग टॅली का रखडतंय हे आठवडाभर कोणाला कळत नाही.

म्हणून आधी ओळख. हबच्या पुढच्या पट्टीवर बहुतेक वेळा 'कोलिजन' असा वेगळा दिवा असतो. एका टोकाच्या पोर्टाशेजारी 'अपलिंक' (दुसऱ्या हबकडे किंवा स्विचकडे जाणारी जोडणी) लिहिलेलं बटण किंवा जादा पोर्ट असतो. फारच जुना असेल तर मागे गोल बीएनसी सॉकेटही दिसतं. वेग १० किंवा १०/१०० एमबीपीएस लिहिलेला असतो. हब एका पोर्टात आलेला संकेत उरलेल्या सगळ्या पोर्टांतून बाहेर काढतो. तो कोणासाठी आहे हे बघत नाही. त्यामुळे एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं. दोघांनी एकदम सुरुवात केली तर टक्कर होते, दोघंही थांबतात आणि थोड्या वेळाने पुन्हा पाठवतात. चाळीतल्या सार्वजनिक नळासारखा हा प्रकार: धार १०० एमबीपीएसची, पण रांगेतल्या सगळ्यांत मिळून. स्विच मात्र डेटाच्या प्रत्येक पाकिटावरचा मॅक पत्ता (प्रत्येक यंत्राचा स्वतःचा क्रमांक) वाचतो, तो पत्ता कोणत्या पोर्टामागे आहे हे लक्षात ठेवतो आणि तेवढ्याच पोर्टातून पाकीट सोडतो. प्रत्येक पोर्टाला जाण्याचा आणि येण्याचा पूर्ण वेग वेगळा मिळतो, टकरीचा प्रश्नच राहत नाही.

हबची साखळी लावण्यावरही कडक बंधनं होती. १० एमबीपीएसच्या जाळ्यात कोणत्याही दोन यंत्रांच्या मध्ये चारपेक्षा जास्त हब चालत नाहीत. १०० एमबीपीएसच्या जाळ्यात फार तर दोन, आणि त्या दोघांमधली केबल साधारण ५ मीटरची. गिगाबिट वेगाचा हब मानकात लिहिला गेला, पण बाजारात रुजला नाही. आज जुना हब ठेवण्याचं एकच पटण्यासारखं कारण आहे: नेटवर्क शिकणाऱ्याला दोन यंत्रांमधली पाकिटं तिसऱ्या यंत्रावर वायरशार्क या पाकिटं दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पाहायची असतील तर. बाकी ऑफिसात हब सापडला तर तो भंगारात काढावा. पुढे सगळीकडे स्विच हाच शब्द वापरला आहे.

आधी मोजणी

आकडे हवेत म्हणून एक ठरावीक ऑफिस समोर ठेवू: करसल्लागाराचं, दोन खोल्या आणि पोटमाळा, एकच मजला, फायबरचं इंटरनेट. ९ संगणक, टॅलीचा डेटा ठेवलेला १ वेगळा संगणक, १ नेटवर्क प्रिंटर, १ बोटाच्या ठशाचं हजेरी यंत्र, १ वाय-फाय ॲक्सेस पॉइंट, ४ आयपी कॅमेरे आणि त्यांचं रेकॉर्डिंग करणारा १ एनव्हीआर.

कॅमेरे आणि एनव्हीआर एका वेगळ्या पीओई (डेटाच्या तारेतूनच वीज देणाऱ्या) स्विचवर घ्यायचे. चार कॅमेऱ्यांचं चित्रण चोवीस तास एनव्हीआरकडे जात असतं. दोघं एकाच स्विचवर असले की ती वाहतूक तिथल्या तिथेच राहते, हिशोबाच्या संगणकांच्या वाटेत येत नाही. मग मुख्य स्विचवर उरले ९ संगणक, टॅलीचा एक, प्रिंटर, हजेरी यंत्र आणि ॲक्सेस पॉइंट, म्हणजे १३. त्यात राउटरकडे जाणारा एक आणि पीओई स्विचकडे जाणारा एक. एकूण १५.

नवशिके नेमके हे शेवटचे दोन विसरतात. १६ पोर्टचा स्विच घेतला तर एकच पोर्ट शिल्लक राहतो, आणि पहिला नवा मदतनीस येईपर्यंतच तो पुरतो. त्यानंतर कोणीतरी टेबलाखाली पाच पोर्टचा छोटा स्विच लावतं, त्याला आणखी एक, आणि वर्षभरात कुठली तार कुठे जाते याचा पत्ता लागत नाही. मोजलेल्या आकड्यात निदान पाव भाग वाढवा आणि वरचं माप घ्या. इथे २४ पोर्टचा.

खोक्यावर काय वाचायचं

सगळे पोर्ट १०/१००/१००० असले पाहिजेत. १०/१०० चे स्वस्त स्विच अजून विकले जातात, आणि दिसायला अगदी तसेच असतात. ३०० एमबीपीएसचा इंटरनेट प्लॅन घेऊन मध्ये असा स्विच लावला, की वेग मोजल्यावर ९४ एमबीपीएसच्या आसपास अडकतो. ९४ हा आकडा लक्षात ठेवा. तो दिसला की वाटेत कुठेतरी १०० चा अडथळा आहे.

'स्विचिंग कपॅसिटी' हा आकडा मोठ्या अक्षरात छापलेला असतो. हिशोब सोपा आहे: २४ पोर्ट, प्रत्येकी १ जीबीपीएस, जाण्याचा आणि येण्याचा मिळून दुप्पट, म्हणजे ४८ जीबीपीएस. तेवढा असेल तर झालं. जवळपास सगळ्यांचा तेवढा असतोच, त्यामुळे त्याचे जादा पैसे मोजू नका.

साधा की मॅनेज्ड? साध्या स्विचला काहीच सेटिंग लागत नाही. तारा खोचल्या की चालू. मॅनेज्ड किंवा 'स्मार्ट' स्विचमध्ये ब्राउझरमधून आत जाऊन पोर्टांचे गट पाडता येतात, कोणत्या पोर्टावर किती चुका होतात ते दिसतं, आणि मुख्य म्हणजे लूप (तारांचं चुकून झालेलं वर्तुळ) पकडता येतो. पाच-आठ यंत्रांना साधा पुरे. २४ पोर्टांच्या ऑफिसला मात्र स्मार्ट घ्यावा असं आमचं मत आहे, आणि ते लूपच्या एकट्या कारणासाठी. तो प्रकार पुढे येतोच.

लोखंडी खोक्याचा, आतच वीजपुरवठा असलेला आणि रॅकमध्ये बसणारा स्विच ॲडॅप्टरवाल्यापेक्षा बरा. छोट्या स्विचचे ॲडॅप्टर कधी ५ व्होल्टचे, कधी ९, तर राउटरचा बहुधा १२ चा, आणि पिन पुष्कळदा एकाच मापाची. झाडलोट करताना सगळे निघाले आणि उलटसुलट लागले, की ५ व्होल्टचा स्विच कायमचा जातो. ज्या यंत्राचा ॲडॅप्टर, त्याचं नाव मार्करने त्याच्यावर लिहून ठेवायचं. पंखा नसलेला स्विच आवाज करत नाही आणि त्यात धूळही कमी जाते.

पीओईचा हिशोब रात्रीचा करायचा

पीओई म्हणजे डेटाच्या तारेतूनच वीज. ८०२.३एएफ मानकात स्विच एका पोर्टाला १५.४ वॅटपर्यंत देतो आणि तारेतली गळती धरून यंत्राला १२.९५ वॅटची हमी असते, ८०२.३एटी मध्ये हेच आकडे ३० आणि २५.५. पण पोर्टाचा आकडा वेगळा आणि सगळ्या पोर्टांचा मिळून आकडा वेगळा. आठ पीओई पोर्ट लिहिलेल्या स्विचचं एकूण बजेट ६० वॅटच असू शकतं. मग आठही पोर्टांना १५.४ मिळणार नाहीत.

एक कॅमेरा दिवसा ३-४ वॅटवर भागवतो. अंधार पडला की त्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि तोच ६-७ वर जातो. दुपारी सगळं तपासून केबलवाला निघून जातो आणि संध्याकाळी साडेसातनंतर कॅमेरे एकेक करून बंद-चालू व्हायला लागतात, त्याचं कारण हेच. आपल्या चार कॅमेऱ्यांना ७ प्रमाणे २८ वॅट, त्यावर पाव भाग राखीव: ३५. ६० वॅटचं बजेट पुरून उरतं. पोर्ट मोजा: चार कॅमेरे, एनव्हीआर आणि मुख्य स्विचकडे जाणारी तार मिळून सहा. ४ पीओई अधिक २ साध्या पोर्टचा स्विच काठोकाठ भरेल, म्हणून ८ अधिक २ चा.

याच स्विचमधून वाय-फायलाही वीज द्यायचा मोह होतो. स्वस्त पीओई स्विचचे पीओई पोर्ट १०० एमबीपीएसचे आणि फक्त अपलिंक गिगाबिट असं बऱ्याचदा असतं. कॅमेऱ्याला ४-६ एमबीपीएस लागतात, त्याला ते चालतं. वाय-फायचा मात्र तिथे गळा आवळला जातो. ॲक्सेस पॉइंटसाठी मुख्य स्विचशेजारी गिगाबिटचा पीओई इंजेक्टर (एका तारेत वीज घालणारा छोटा डबा) लावा.

'पॅसिव्ह पीओई' लिहिलेल्या इंजेक्टरपासून जपून. मानकातला पीओई आधी समोरच्या यंत्राला विचारतो आणि होकार मिळाला तरच वीज सोडतो. पॅसिव्ह काही न विचारता २४ किंवा ४८ व्होल्ट सोडून देतो. तो ज्या यंत्राबरोबर आला त्यालाच लावायचा. संगणकाच्या पोर्टात गेला तर पोर्ट जळू शकतो.

खर्च कुठे करायचा: केबलमध्ये

स्विच पाच-सात वर्षांनी बदलता येतो, दहा मिनिटांत. भिंतीतली केबल बदलायची तर ऑफिस बंद ठेवावं लागतं. तरीही बहुतेक जण स्विचचा ब्रँड निवडायला दोन दिवस घालवतात आणि केबल जी मिळेल ती घेतात. नेमकं उलटं करायला हवं.

कॅट ६ ची, शुद्ध तांब्याची, घन तारेची यूटीपी घ्या. कॅट ५ई वरही गिगाबिट १०० मीटरपर्यंत चालतं, तेव्हा आधीची चांगली ५ई भिंतीत असेल तर उपटू नका. टाळायची ती सीसीए: आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा. तिचा रोध जास्त, त्यामुळे लांबवरच्या कॅमेऱ्यापर्यंत वीज पुरत नाही. आणि तार दोन-तीनदा वाकवली की तुटते. ओळखायची युक्ती दुकानातच करता येते. टोकाची एक तार सोलून ब्लेडने खरवडा. आत पांढरी चकाकी दिसली तर ॲल्युमिनियम, लालसरच राहिली तर तांबं. त्याच मापाच्या शुद्ध तांब्याच्या पेटीपेक्षा सीसीएची पेटी हाताला चांगलीच हलकी लागते.

पेटीत ३०५ मीटर असतात. आपल्या ऑफिसात ९ संगणक, टॅलीचा एक, प्रिंटर, हजेरी यंत्र, ॲक्सेस पॉइंट आणि ४ कॅमेरे अशा १७ ओढी निघतात. सरासरी ओढ १४ मीटरची धरली तर २३८ मीटर, प्रत्येकीला दोन्ही टोकांना मिळून २ मीटर सैल धरले तर आणखी ३४. एकूण २७२, एक पेटी पुरते. मोजताना सरळ रेषेत मोजू नका. तार भिंतीवरून वर जाते, पोटमाळ्यावरून फिरते आणि पुन्हा खाली येते. चढ-उतारच ५-६ मीटर खातात. केबलच्या अंगावर ठरावीक अंतरावर मीटरचे आकडे छापलेले असतात, त्यावरून पेटीत किती उरली ते कळतं.

एका ओढीची मर्यादा १०० मीटर: भिंतीतली ९० आणि दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड (यंत्राला जोडायच्या तयार छोट्या तारा) मिळून १०. यापेक्षा लांब जायचं असेल तर मध्ये एक स्विच हवा. काही पीओई स्विचवर 'एक्स्टेंड' बटण असतं, ते दाबलं की २५० मीटरपर्यंत जाता येतं, पण वेग १० एमबीपीएसवर उतरतो. फाटकावरच्या एकट्या कॅमेऱ्यासाठी ठीक. एक गंमत अशी, की हे बटण सगळ्या पोर्टांना लागू असेल आणि ते चुकून दाबलं गेलं तर कोणीही स्विचकडे बोट दाखवत नाही. सगळे इंटरनेटवाल्याला फोन लावतात.

ओढणं आणि टोकं करणं

स्विच आणि राउटर एका जागी, शक्यतो ऑफिसच्या मध्यावर, भिंतीवरच्या छोट्या रॅकमध्ये. संडास-पँट्रीची ओली भिंत, खिडकीखालची जागा आणि एसीच्या खालची जागा टाळा. एसीचं पाणी ठिबकून गेलेले स्विच कमी नाहीत. प्रत्येक यंत्राची तार थेट इथपर्यंत आणायची. टेबलाहून टेबलाला उडी नको.

विजेच्या तारांबरोबर एकाच केसिंग पट्टीतून डेटाची तार नेऊ नका. समांतर जायचंच असेल तर २०-३० सेंटिमीटर अंतर ठेवा. ओलांडायचं असेल तर काटकोनात ओलांडा. अंतर फक्त गोंगाटासाठी नाही. पट्टीत खिळा ठोकताना २३० व्होल्टची तार सोलली गेली आणि डेटाच्या तारेला लागली, तर स्विचच नाही, माणूसही जाईल.

ओढण्याआधी केबलच्या दोन्ही टोकांना एकच नंबर लावा, टोकापासून वीतभर आत. ओढून झाल्यावर "आठवेलच" म्हणून पुढे गेलात, तर १७ सारख्या निळ्या तारा हातात घेऊन बसावं लागतं. जोरात हिसका देऊ नका, आतल्या जोड्यांचा पीळ ताणला जातो. कोपऱ्यात कडक घडी नको. केबलच्या जाडीच्या निदान चौपट त्रिज्येचं वळण ठेवा. झिप टाय दात लागेपर्यंत आवळू नका, वेल्क्रोची पट्टी बरी.

रंगांचा क्रम दोन्ही टोकांना एकच ठेवायचा, टी५६८बी. कनेक्टरची खिट्टी खाली, सोनेरी पट्ट्या वर आणि तार आत जाते ते तोंड आपल्याकडे धरलं की डावीकडून:

१. पांढरा-केशरी
२. केशरी
३. पांढरा-हिरवा
४. निळा
५. पांढरा-निळा
६. हिरवा
७. पांढरा-तपकिरी
८. तपकिरी

३ आणि ६ ही एक जोडी, तिच्या मध्ये ४-५ ची जोडी. ही मध्ये घुसलेली जोडी पाहून नवा माणूस हमखास "सरळ" क्रम लावतो: केशरी, हिरवा, निळा, तपकिरी, प्रत्येक जोडी शेजारी-शेजारी. दोन्ही टोकांना तसंच केलं तर साध्या टेस्टरचे आठही दिवे क्रमाने लागतात आणि सगळं बरोबर वाटतं. प्रत्यक्षात ३ आणि ६ वर दोन वेगवेगळ्या पिळांतल्या तारा गेलेल्या असतात, त्यामुळे संकेत एकमेकांत मिसळतात. लिंक (दोन टोकांची जोडणी) लागते, पण वेग रडतो, लांब ओढीवर तर लिंकही तुटत राहते. टेस्टर हिरवा आणि काम खोळंबलेलं, असं दिसलं की आधी रंग पाहा.

टोक करताना बाहेरचं आवरण ३ सेंटिमीटर सोला, आतल्या तारांना ब्लेड लागलं नाही ना ते बघा. पीळ उलगडा, सरळ करा, क्रम लावा, १३ मिलिमीटरवर एका कापात सपाट कापा. १३ पेक्षा जास्त पीळ उघडा राहू देऊ नका. कनेक्टरमध्ये सरकवल्यावर पुढच्या तोंडाशी आठही तांब्याचे ठिपके दिसले पाहिजेत आणि बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत, त्या दाबपट्टीच्या खाली गेलं पाहिजे. आवरण बाहेर राहिलं तर सगळा ताण आठ बारीक तारांवर येतो आणि चार महिन्यांनी लिंक जायला-यायला लागते. कॅट ६ ची तार जाड असते; कॅट ५ई चे कनेक्टर तिला घट्ट होतात, कॅट ६ चे वेगळे घ्या. सुरुवातीला पाचातला एखादा कनेक्टर वाया जातो, तेव्हा मोजून आणू नका.

टेबलापाशी मात्र कनेक्टर लावून तार थेट संगणकात खोचू नका. घन तार हलवण्यासाठी नसते. भिंतीवर आय-ओ बॉक्स (केबलचं सॉकेट) बसवा, तार त्यात पंच करा (अवजाराने दाबून बसवा) आणि तिथून संगणकापर्यंत तयार पॅच कॉर्ड. रॅकच्या बाजूला २४ पोर्टचं पॅच पॅनल (भिंतीतल्या तारा येऊन संपतात ती पट्टी). खर्च वाढतो, पण खुर्चीच्या चाकाखाली आली तर पॅच कॉर्ड बदलायची, भिंतीतली तार नाही. कॅमेऱ्याच्या टोकाला थेट कनेक्टर चालतो, तो हलत नाही. उघड्यावर असेल तर जोड पाणी न शिरणाऱ्या डब्यात, आणि तार डब्यात वरून नाही, खालून वळसा देऊन. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेने सोनेरी पट्ट्यांवर हिरवट कळंक चढतो, तिथे डब्याला पर्यायच नाही.

जोडण्याचा क्रम

सगळ्या तारा एकदम खोचू नका. आधी राउटर चालू करून त्याला एकच लॅपटॉप तारेने जोडा आणि इंटरनेट येतं का पाहा. मग राउटरच्या लॅन पोर्टातून मुख्य स्विच. फायबरच्या काही राउटरमध्ये चारांपैकी एकच लॅन पोर्ट गिगाबिट असतो. तो शोधून त्यातच स्विच लावा. मग लॅपटॉप स्विचला जोडून पुन्हा तपासा. त्यानंतर पीओई स्विच, मुख्य स्विचपासून एकाच तारेने. मग टॅलीचा संगणक, प्रिंटर, आणि उरलेले एकेक करून, प्रत्येकाचा दिवा पाहत. काही बिघडलं तर शेवटी खोचलेल्या तारेनेच बिघडवलं, हे लगेच कळतं.

क्रॉस केबलची चिंता आता नको. पूर्वी हबला हब जोडायचा तर अपलिंक पोर्ट किंवा उलट्या क्रमाची तार लागायची, आणि अपलिंक वापरला की त्याच्या शेजारचा पोर्ट बंद ठेवावा लागायचा. आजचे गिगाबिट पोर्ट स्वतःच ओळखून फिरवून घेतात. सगळीकडे सरळ तार.

स्विचचं जाळं झाडासारखं वाढवायचं: मुख्य स्विचपासून फांद्या, फांदीतून फांदी शक्यतो नाही. टॅलीचा संगणक आणि त्याचा डेटा वापरणारे संगणक एकाच स्विचवर असू द्या. कंपनीचा डेटा उघडा असताना लिंक तुटली तर तो खराब होण्याचा धोका असतो, तेव्हा मधले जोड जितके कमी तितकं चांगलं. मुख्य स्विच आणि राउटर यूपीएसवर घ्या. दोघांना मिळून २५-३० वॅटही लागत नाहीत.

पत्त्यांचा आराखडा याच वेळी ठरवून टाका. राउटर १९२.१६८.१.१ वर असेल तर प्रिंटर १९२.१६८.१.१०, टॅलीचा संगणक .११, हजेरी यंत्र .१२, एनव्हीआर .२०, कॅमेरे .२१ ते .२४ असे कायमचे द्या, आणि राउटरची डीएचसीपी रांग (यंत्रांना आपोआप वाटायचे पत्ते) .१०० ते .१९९ ठेवा. कायमचा पत्ता रांगेच्या आत दिला, तर एखाद्या सकाळी राउटर तोच पत्ता कोणाच्या तरी मोबाइलला देतो आणि प्रिंटर गायब होतो.

जुना वाय-फाय राउटर स्विच म्हणून वापरायचा असेल तर तीन गोष्टी: त्याचा स्वतःचा पत्ता बदलून .२ करा, त्याचं डीएचसीपी बंद करा, आणि तार त्याच्या वॅन (इंटरनेटची तार येते त्या) पोर्टात नाही, लॅन पोर्टात लावा. डीएचसीपी बंद करायला विसरलात तर अर्धं ऑफिस एका राउटरकडून पत्ते घेतं, अर्धं दुसऱ्याकडून.

तपासणीला विंडोजमध्ये नेटवर्कच्या स्टेटस खिडकीत वेग पाहा: १.० जीबीपीएस दिसला पाहिजे. मग टॅलीच्या संगणकाला पिंग करा, म्हणजे छोटी पाकिटं पाठवून उत्तर येतं का पाहा. उत्तर १ मिलिसेकंदाच्या आत आणि शंभरात एकही हुकलेलं नको. एक मोठी फाइल कॉपी करा. गिगाबिटवर सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास, १०० वर ११ च्या आसपास. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क असेल तर ७०-८० वरच थांबेल. तो दोष जाळ्याचा नाही.

दुखणी आणि कारणं

सगळं ऑफिस एकदम बंद, राउटरही उघडत नाही, आणि स्विचचे सगळे दिवे एका तालात वेड्यासारखे लुकलुकतायत: हा लूप. एकाच तारेची दोन्ही टोकं स्विचमध्ये गेली आहेत किंवा दोन स्विच दोन तारांनी जोडले गेले आहेत. सगळ्यांसाठी निघालेलं एक पाकीट गोल फिरत राहतं, प्रत्येक फेरीला त्याच्या प्रती वाढतात, आणि काही सेकंदांत जाळं भरून जातं. करणारा बहुधा सज्जन माणूस असतो: टेबलाखाली लोंबणारी पॅच कॉर्ड दिसली म्हणून त्याने ती रिकाम्या आय-ओ बॉक्समध्ये नीट खोचून ठेवलेली असते. दोन पोर्टांच्या आयपी फोनच्या दोन्ही तारा भिंतीत गेल्या तरी तेच होतं. शोधायचं असं: मुख्य स्विचमधून एकेक तार काढा, जी काढल्यावर दिवे शांत होतात, तिच्या दुसऱ्या टोकाला चोर आहे. स्मार्ट स्विचमध्ये लूप प्रिव्हेन्शन किंवा स्पॅनिंग ट्री चालू केलं असेल तर तो पोर्ट आपोआप बंद पडतो आणि बाकीचं ऑफिस चालू राहतं. काही मॉडेलमध्ये ही सोय आधी बंद असते. पहिल्याच दिवशी आत जाऊन बघा, आणि आत गेलातच तर आधी पासवर्ड बदला.

एकाच संगणकाचा वेग १०० वर अडकला. १०० एमबीपीएसला १, २, ३, ६ या चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही. निळी किंवा तपकिरी जोडी कुठेतरी सुटली आहे. आधी पॅच कॉर्ड बदला, मग आय-ओ बॉक्स पुन्हा पंच करा. भिंतीतली तार शेवटी.

लिंकचा दिवा लागतोय, पण कॉपी रखडते आणि ती एकाच यंत्राची. कोणीतरी नेटवर्क कार्डाच्या सेटिंगमध्ये वेग '१०० फुल' असा हाताने बांधला आहे का पाहा. तेव्हा दिवाही १०० चाच दाखवेल. समोरचा स्विच ऑटोवर असतो, त्याला उत्तर मिळत नाही म्हणून तो हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकाच दिशेने बोलणं) धरतो, आणि एक बाजू थांबते तेव्हा दुसरी बोलत राहते. दोन्हीकडे ऑटो ठेवा. सेटिंग ठीक असेल तर वर सांगितलेली रंगांची चूक.

संगणकाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होतोय: डीएचसीपीपर्यंत तो पोचलाच नाही. तार, पोर्ट, मग राउटर. पत्ता मिळालाय पण १९२.१६८.०.काहीतरी असा अनोळखी: कोणीतरी घरून आणलेला राउटर जाळ्यात आहे.

पावसाळ्यात वीज कडाडली आणि एकाच बाजूचे पोर्ट मेले. त्या पोर्टांवरून इमारतीबाहेर गेलेली तांब्याची तार शोधा. दोन इमारतींमध्ये तांबं ओढूच नये. दोन्हीकडच्या अर्थिंगमधला फरकही पोर्ट मारू शकतो. तिथे तयार टोकांची फायबर आणि दोन मीडिया कन्व्हर्टर (तांब्यातला संकेत प्रकाशात बदलणारे डबे) लावा. एका तंतूवर चालणारे कन्व्हर्टर ए आणि बी असे जोडीने येतात, एक १३१० नॅनोमीटरवर पाठवतो आणि दुसरा १५५० वर. दोन्ही ए घेतले तर वीज येईल, दिवे लागतील, लिंक कधीच लागणार नाही. बिल करण्याआधी दोन्ही खोकी उघडून लेबल वाचा.